उघड्यावरील डीजे-वादन : संगीतमिश्रण, खर्ज आणि ध्वनिमापन (यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

यवतमाळचा दुर्गोत्सव महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. जिल्ह्यातील मिरवणुका व वराती पूर्वी डफडे आणि बँडच्या तालावर निघत. पुढे त्यांच्या जोडीला, पुष्कळदा त्यांच्या जागीही, ‘डीजे’ आला. मूळ इंग्रजीत हा शब्द ध्वनिमुद्रिका वाजविणाऱ्या व्यक्तीचा निदर्शक होय. मराठी बोलीत मात्र तो वाहनावर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसही लागू झाला. प्रस्तुत लेखात या अर्थांतराचे परिणाम विशद केले आहेत.

डीजे-कलेचे स्वरूप

या कलेत अनेक प्रवाह मिसळतात. ‘सोल’ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चगायनातून व लोकप्रिय संगीतातून घडले. ‘हाउस’ १९८० च्या दशकात शिकागोत बहरले. त्यात मिनिटाला सुमारे १२० ते १३० ठोके पडतात. उघड्यावर मोठे ध्वनिक्षेपक रचून खर्जप्रधान संगीत ऐकविण्याची परंपरा जमैकातील किंग्स्टन येथे १९५० च्या दशकात रुजली. दोन ध्वनिमुद्रणे जोडताना वादक प्रथम त्यांची लय जुळवितो आणि दुसऱ्याचा खर्ज वाढविताना पहिल्याचा उतरवितो. दोन्ही खर्ज एकदम वाजल्यास नाद गढूळ होतो. म्हणजेच खर्जावरील संयम हे या कलेचे मर्म आहे.

खर्जाचे भौतिकशास्त्र

बंद सभागृहात भिंतींवरून परावर्तित होणारा ध्वनी खर्जाला बळ देतो. उघड्यावर हा आधार नसल्याने ध्वनिक्षेपकांची संख्या वाढविली जाते. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ मीटर असते. त्यामुळे तो घरांना वळसा घालून पुढे जातो व भिंतींनाही फारसा अडत नाही. गाण्याचे शब्द विरून जातात. दणका तेवढा दूरच्या घरातील रुग्णापर्यंत पोहोचतो.

कायदा व मापन

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल (ए) ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई असून, वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. तथापि ‘ए’ मापनपद्धती ५० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३० डेसिबल वजा करते. परिणामी १०० डेसिबलचा खर्ज ७० इतकाच नोंदला जातो. ‘सी’ पद्धतीत ही वजावट जेमतेम १ डेसिबलची असते.

निष्कर्ष

सरसकट बंदीमुळे वादकांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहतो आणि सरसकट मोकळीक दिल्यास रहिवाशांच्या आरोग्याचा. वादकाचे कौशल्य आणि ध्वनिक्षेपकांची क्षमता या दोन भिन्न बाबी आहेत, हे ध्यानी घेतल्यास मधला मार्ग दिसू लागतो. त्यासाठी ‘ए’ मापनाला ‘सी’ मापनाची जोड देणे आवश्यक ठरते. महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र व संगीत विभागांनी उत्सवकाळात अशा नोंदी एकत्रितपणे घेतल्यास वादाला पुराव्याचा आधार मिळेल.