‘एअरिली’ : वाऱ्यावरचा एक शब्द

इंग्रजी कादंबरी वाचतांना ‘एअरिली’ हें क्रियाविशेषण आपल्या दृष्टीस अनेकदां पडलें असेल. एखादा ऋणको दाराशीं आलेल्या धनकोस म्हणतो, “पैशांचें काय, देऊं कीं सावकाश!” आणि लेखक जोडतो कीं, तो हें ‘एअरिली’ म्हणाला. भाषांतरकारानें येथें ‘आनंदानें’ असें लिहिलें कीं त्या माणसाची बेपर्वाई नाहींशी होते, आणि लेखकानें त्याच्यावर ठेवलेला आरोपच पुसला जातो.

ह्या शब्दाचें कुळ पाहिलें म्हणजे घोटाळा उलगडतो. मूळ शब्द ग्रीक ‘आएर’. होमरच्या काव्यांत त्याचा अर्थ धुकें किंवा दाट, धूसर हवा असा आहे. वरच्या निर्मळ, तेजस्वी आकाशास ‘ऐथेर’ हा निराळा शब्द होता. पुढें ‘आएर’ लॅटिनमध्यें गेला आणि जुन्या फ्रेंचमधून इ. स. १३०० च्या सुमारास ‘एअर’ ह्या रूपानें इंग्रजींत स्थिरावला. त्यावरून ‘एअरी’ हें विशेषण झालें, व त्याचें क्रियाविशेषण ‘एअरिली’.

विशेषणाचा अर्थ प्रथम हवेचा, मग हवेशीर. हवेचें वजन हातास जाणवत नाहीं. म्हणून तरल, नाजूक हा अर्थ आला, आणि तेथून मनाचा मोकळेपणा. अखेरीस, जी गोष्ट जड मानावयास हवी तीही हलकी मानणें, हा अर्थ त्यास चिकटला. फ्रेंचमधून आलेला ढब, ऐट हा ‘एअर’चा अर्थही जवळच वावरत होता.

हवा आणि मन यांचें हें नातें एकट्या इंग्रजीचें नव्हे. आपण ज्या अरबी भाषेंतून फारसीमार्गें ‘हवा’ हा शब्द घेतला, तींत वायु आणि मनाची लहर हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. मराठींतही आश्रितास ‘वाऱ्यावर सोडतात’, आणि गर्विष्ठाच्या ‘डोक्यांत हवा जाते’.

मग भाषांतर करावें कसें? भार कोणाचा उडविला जात आहे, हें आधीं पाहावें. स्वतःचा असेल, तर ‘हलक्या मनानें’ शोभेल. दुसऱ्याचा असेल, तर ‘बेफिकिरीनें’ म्हणावें. त्या दारांत उभ्या असलेल्या धनकोस हा भेद कोशावांचून कळतो.