सबक आणि सनद

झाई हे सीमेवरचं गाव ओलांडलं की लगेच गुजरात लागतो. तलासरी-डहाणूपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत हा सीमापट्टा आदिवासींचा, आणि निवासी शिक्षण इथं नवं नाही. पोर आश्रमशाळेत घातलं की दोन वेळच्या जेवणाची चिंता मिटते. गरीब मुसलमान घरातलं पोर मदरशात जातं, त्यामागेही पुष्कळदा हाच हिशेब असतो. याच पट्ट्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यात, जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही मदरसा-संस्था आहे. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ साली ती सुरू केली तेव्हा विद्यार्थी होते सहा आणि शिक्षक एक.

मदरशातला हिफ्जचा, म्हणजे कुराण पाठ करण्याचा, वर्ग भरतो पहाटेच्या नमाजानंतर. रेहालीवर, म्हणजे लाकडी घडीच्या ठेवणीवर, कुराण, समोर मांडी घालून बसलेला, लयीत डोलणारा मुलगा. तो उस्तादांना आधी आजचा नवा सबक ऐकवतो, मग आमोख्ता, म्हणजे मागचं पाठांतर. एक जेर-जबर, म्हणजे स्वरचिन्ह, चुकलं तरी उस्ताद तिथंच थांबवतात. असे कुराणाचे ३० पारे, म्हणजे भाग, मुखोद्गत होतात. वेदपाठशाळेतली संथा ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही मेहनत वेगळी सांगायला नको. तिला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडणं अन्यायाचं आहे.

पण हाफिज झालेल्या, म्हणजे कुराण पाठ केलेल्या, मुलाच्या हाती दहावीची सनद नसेल, तर पुढचे बहुतेक दरवाजे बंद. वस्तानवींनी नेमकं हे ओळखलं. हिफ्ज आणि दर्स-ए-निजामी हा मदरशांचा पारंपरिक अभ्यासक्रम त्यांनी मोडला नाही. शेजारी आयटीआय, बी.एड., फार्मसी कॉलेज आणलं, जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वैद्यकीय महाविद्यालयही काढलं. जानेवारी २०११ मध्ये ते देवबंदच्या दारुल उलूम या मदरशाचे मोहतमिम, म्हणजे प्रमुख, झाले. गुजरातविषयीच्या त्यांच्या वक्तव्यावरून वादळ उठलं आणि जुलैत त्यांना पद सोडावं लागलं. मे २०२५ मध्ये ते गेले.

लहान मदरशांकडे एवढं बळ नाही. २०१५ मध्ये, औपचारिक विषय न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य धरायची, अशी भूमिका राज्य सरकारनं घेतली तेव्हा मोठा गदारोळ झाला. पण शिक्का मारून गणिताचा मास्तर मिळत नाही. त्याला पगार लागतो. डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतल्या डी.एड. शिक्षकांना महिना ६,००० रुपये मिळत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते १६,००० करण्याचा निर्णय झाला.

मुलाला मदरशात घालणाऱ्या आईबापांनी प्रवेशाच्या दिवशी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: दहावीला कुठून बसवणार, आणि मराठी कोण शिकवणार?