वैशाखांतलें बर्फ

वैशाख म्हटला कीं आपणां नवी मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें? खारघरच्या डोंगरावरचें वाळलेलें गवत, पारसिकच्या कातळावरून उठणाऱ्या झळा आणि पंख्याखालींही न सुकणारा घाम! परंतु याच महिन्यांत आपल्या वसाहतींतील कितीतरी तरुण मंडळी पाठीवर पिशवी अडकवून हिमालयांत जातात आणि गुडघाभर बर्फांतून चालून येतात. यंदा माझी नातही निघाली आहे. "बाबा, मे महिन्यांत कुठलें आलें आहे बर्फ!" असें म्हणून सूनबाईंनीं तिची लोकरीची टोपी पिशवींतून काढून ठेविली. तेव्हां, मास्तरकीची जुनी संवय असल्यामुळें, मला हा विषय घरांत समजावून सांगावा लागला. तोच आज आपणांपुढें मांडतों.

नात जाणार आहे ती हिमाचल प्रदेशांतील सार खिंडींत. पार्वती नदीच्या खोऱ्यांतील कसोल गांवाहून यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या तुकड्या मे महिन्यांत तेथें जातात. ग्रहण गांव, मग मुंग थाच, मग नगारू, असे मुक्काम करीत चढावयाचें. खिंडीची उंची सुमारें १३,८०० फूट. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपट. दर हजार फुटांस तपमान ठोकळमानानें २ अंशांनीं उतरतें. समुद्रकांठीं ३४ अंश असले, तर या हिशेबानें तेथें भर दुपारींही ६-७ च उरतात आणि रात्रीं पाणी गोठतें. हिवाळ्यांत पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांनीं टाकलेलें बर्फ म्हणूनच वैशाखांतही शिल्लक राहतें.

तरीही डोंगर चढणारे हाच काळ पसंत करतात. दिवस मोठा झालेला असतो, कडाक्याची थंडी ओसरलेली असते आणि मोसमी पाऊस अजून दूर असतो. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे ८ गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यावर पोंचले तेही १९ मे २०१२ रोजीं.

आतां या बर्फाचा स्वभाव पाहूं. दिवसां उन्हानें त्याचा वरचा थर वितळतो व पाणी आंत झिरपतें. रात्रीं आकाश निरभ्र असलें म्हणजे उष्णता निघून जाते आणि तोच थर दगडासारखा घट्ट होतो. पहाटें त्यावरून चालतां येतें. मात्र उतार निसरडा असतो. दहा-अकरा वाजल्यानंतर कणांची एकमेकांवरील पकड सुटते, पाय मांडीपर्यंत रुततो, आणि तीव्र उतारावरील बर्फ घसरून खालीं येण्याची भीति वाढते. म्हणून नगारूहून काळोखांतच निघावें लागतें. तीन वाजतां उठविण्यांत कोणाची हौस नसते!

हें मीं पुस्तकांत वाचलें होतें; समजलें मात्र वयाच्या पन्नाशींत. अशाच एका चढाईवर, उन्हें वर आलीं असतां, वाटेपासून दोन पावलांवर एक काळा खडक दिसला. क्षणभर टेकावें म्हणून गेलों, तों कमरेपर्यंत आंत गेलों! वाटाड्यानें काठी पुढें करून मला ओढून काढलें. काळी वस्तु उष्णता अधिक शोषते, हा धडा तीस वर्षें मुलांना शिकविला. परंतु त्या खडकाच्या उष्णतेनें भोंवतालचें बर्फ आंतून पोखरलें असेल, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं. ओढ्यावरील बर्फाचेंही असेंच. खालून पाणी वाहतें आणि वर नुसतें छत उरतें. पुढच्याच्या पावलांत पाऊल टाकावें, असें वाटाडे सांगतात तें एवढ्याचसाठीं.

चढतांना बुटाच्या टोकानें ठोकून पायरी करावी. उतरतांना टांच रोवावी. हातीं काठी असावी. बर्फ कठीण व उतार फार असेल, तर बुटांखालीं दातेरी लोखंडी पट्टे बांधावे लागतात आणि हिमकुऱ्हाड लागते. ती वापरण्याचा सराव नसेल त्यानें तेथें जाऊं नये. ताजें बर्फ आपणांवर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ८० हून अधिक परत फेंकतें. म्हणून गडद चष्मा सतत डोळ्यांवर हवा. नाहीं तर संध्याकाळीं डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते व कांहीं काळ दिसेनासें होतें.

सर्वांत मोठा धोका मात्र दिसत नाहीं. खिंडींत हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें शेंकडा ६० च असतो. डोकें दुखणें, मळमळणें हीं पहिलीं लक्षणें. तीं असतांना आणखी वर चढूं नये. तीं वाढूं लागलीं, अगर चालतांना तोल जाऊं लागला, तर ताबडतोब खालीं उतरावें. दहा हजार फुटांवर मुक्कामाची उंची दिवसाला दीड हजार फुटांहून अधिक वाढवूं नये, हा नियम यासाठींच आहे. तरुण मंडळी सोबत्यांपुढें कमीपणा नको म्हणून दुखणें लपवितात, आणि प्रसंग जिवावर येतो.

सूनबाईंनीं टोपी पिशवींत परत ठेविली आहे. मीं माझा जुना काळा चष्मा तिच्या शेजारीं ठेविला आणि नातीला एवढेंच बजावलें, "डोकें दुखूं लागलें तर त्याच क्षणीं आपल्या पुढाऱ्याला सांग. खिंड न पाहतां परत आलीस तरी स्टेशनवर मी तुला घ्यायला येईनच."