तोंडीलावणे आणि सारण

म्हैसूर शहराच्या पश्चिमेचे बोगादी हे एके काळचे खेडे आता शहराशी पुरते जोडले गेले आहे. तेथील एखाद्या उपाहारगृहात सकाळी मसाला डोसा मागवावा. डोशाच्या घडीत बटाट्याची भाजी असते. कानडीत तिला पल्य म्हणतात. बाजूला खोबऱ्याची चटणी वाढलेली असते. भाजी हे सारण आणि खोबऱ्याची चटणी हे तोंडीलावणे, याविषयी कोणी वाद घालणार नाही. परंतु पुष्कळदा डोशाच्या आतल्या अंगाला लाल मिरची व लसूण यांची चटणीही माखलेली आढळते. ती घडीच्या आत आहे खरी, पण आहे चटणीच. तिची गणना कशात करावयाची?

मराठी घरांत हा निवाडा पानाने पूर्वीच करून ठेवला आहे. चटणी, कोशिंबीर, लोणचे, लिंबाची फोड यांची जागा डावीकडे. भाजी, उसळ, आमटी यांची उजवीकडे. उजवीकडचे आग्रहाने पुन:पुन्हा वाढावयाचे, डावीकडचे बेताने. डावीकडच्या पदार्थाने घासाला चव यावी आणि उजवीकडच्याने पोट भरावे, अशी ही वाटणी आहे. पदार्थ कशाचा केला आहे याला तीत महत्त्व नाही. तेच ओले खोबरे चटणीत वाटले की डावीकडे जाते आणि गुळाबरोबर शिजवून मोदकात भरले की सारण होते.

सँडविचला मात्र डावी-उजवी बाजू नाही. अठराव्या शतकातील सँडविचचा चौथा अर्ल जॉन माँटेग्यू याच्या पदवीवरून ओळखला जाणारा हा पदार्थ मुंबईच्या रस्त्यावर आला, तेव्हा त्यात उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट आणि कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी, सारेच दोन कापांच्या मध्ये गेले. लोण्याचे काम तर याहून निराळे आहे. ते पावाला आधी फासले म्हणजे काकडी-टोमॅटोचे पाणी पावात लवकर शिरत नाही. म्हणजे लोणी हे धड सारणही नव्हे आणि तोंडीलावणेही नव्हे. त्याला अस्तर म्हणणे अधिक योग्य.

तेव्हा केवळ जागेवरून निर्णय होत नाही. दुसरी कसोटी सुचते ती वगळून पाहण्याची. वडापावातून लसणाची चटणी काढली तरी तो बेचव का होईना, वडापावच राहतो. वडा काढला की नाव उरत नाही. येथवर सारे सरळ आहे. पण ‘म्हैसूर मसाला’ डोशापाशी ही कसोटी अडखळते. मुंबईच्या उपाहारगृहांत ‘म्हैसूर’ हा शब्द त्या लाल चटणीचाच वाचक आहे. चटणी वगळली तर मसाला डोसा राहतो, म्हैसूर जाते. भाजी वगळली तर म्हैसूर राहते, मसाला जातो. गंमत अशी की खुद्द म्हैसुरात, नझरबाद भागातील मैलारी नावाच्या प्रसिद्ध उपाहारगृहांतील मऊ डोशात ही लाल चटणी नसतेच!

या चटणीला असा मान का मिळाला, याचे एक कारण मिरचीत आहे. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी बेडगी मिरची रंग पुष्कळ देते, तिखटपणा बेताचा. म्हणून तिची चटणी चिमटीने न घेता सबंध डोशावर पसरता येते. शिवाय डोसा तव्यावर असतानाच ती फासल्याने तिचे पाणी आटते आणि ती डोशाच्या अंगाशी एकजीव होते. अशा चटणीला तोंडीलावणे म्हणण्यापेक्षा अस्तर म्हणावे, हेच सयुक्तिक दिसते.

शासकीय वर्गीकरणालाही ही अडचण चुकलेली नाही. अन्नातील मिश्रकांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय संस्थेने केलेल्या विभागणीत सॉस १२.६ या पोटविभागात येतात. सँडविचला लावावयाची मिश्रणे त्याच्या शेजारी, १२.७ मध्ये, सॅलडांबरोबर ठेवली आहेत. मात्र शेंगदाण्याचे लोणी तेथून वगळून भाज्या व कठीण कवचाची फळे यांच्या चौथ्या विभागात धाडले आहे. पावाला फासण्याची रीत एकच, तरी शेंगदाणा निराळा काढावा लागला.

शेंगदाण्याचा हा अपवाद महाराष्ट्रातील शेतमजुराच्या शिदोरीत अधिक स्पष्ट होतो. भाकरीवर शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी आणि सोबत कांदा, एवढेच कित्येकांचे दुपारचे जेवण असते. तेलबियांतील स्निग्धांश आणि प्रथिने भाकरीबरोबर पोटात जातात ती या चटणीतूनच. मिरची-मिठाच्या ठेच्याने भाकरी घशाखाली उतरते. पण ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी यांना ‘चटणी-भाकर’ या एकाच नावाखाली मोजले, तर एकाच्या जेवणात काय आहे आणि दुसऱ्याच्या जेवणात काय नाही, हे लक्षात येत नाही. त्या शिदोरीत उजवी बाजू रिकामीच असते. तेथे शेंगदाण्याच्या चटणीला कोरड्यास म्हणतात, आणि ते अक्षरश: खरे आहे.