माहेरावरून गेलेली होडी

आमच्या मराठवाड्याच्या माणसाला पाणी म्हटलं की घागर आठवते, टँकर आठवतो, २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते आठवतं. होडी मात्र कधी आठवत नाही. त्यामुळे मित्रांबरोबर होडी घेऊन या बेटावरून त्या बेटावर भटकण्याची हौस मुंबईकरांनी करावी आणि आपण ती फोटोत पाहावी, असंच आम्ही धरून चाललो होतो.

आम्ही पाच जण परभणीच्या कॉलेजात एका बाकावर नसलो तरी एका टपरीवर शिकलेले. आता सगळेच साठीच्या अलीकडे-पलीकडे. एक डॉक्टर, एक शेती पाहणारा, एक निवृत्त शिक्षक, म्हणजे आमचा गुरुजी, मी बँकेतून बाहेर पडलेला आणि पाचवा मुंबईकर. या मुंबईकराने तिघा सहकाऱ्यांबरोबर भागीत एक जुनी शिडाची बोट घेतलेली आहे. हिवाळ्यात हे लोक शनिवारी मांडव्याकडे निघतात, वारा बरा असला तर खांदेरी-उंदेरीपर्यंत जातात. परदेशात किनाऱ्याकिनाऱ्याने मरीना असतात. मरीना म्हणजे खासगी बोटींचं एसटी स्टँडच म्हणा ना! बोट बांधा, पाणी भरा, डिझेल घ्या, रात्री मुक्काम करा. आपल्याकडे तशी चैन फारशी नाही. गेटवेसमोर पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला बोट बांधायची आणि छोट्या होडीतून काठावर यायचं.

हे सगळं आमच्या वार्षिक गाठीभेटीत तो रंगून सांगत होता. शेतकरी मित्र म्हणाला, “आपल्या नशिबात कुठली आलीत बेटं!”

इतका वेळ गप्प असलेला गुरुजी म्हणाला, “आहेत की. येलदरीला. त्यातल्या एकाच्या पायथ्याशी माझं आजोळ आहे.”

जिंतूर तालुक्यातली येलदरी पाहिली नसेल अशा वाचकांसाठी थोडं सांगतो. अजिंठ्याच्या डोंगरात उगवलेली पूर्णा इथे अडवली आहे. धरण १९६८ साली पुरं झालं. पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचं वीजघर आहे. खाली सिद्धेश्वरचं धरण, तिथून निघालेले कालवे, आणि त्या कालव्यांवर परभणी, हिंगोली, नांदेडची शेती. भरलेल्या येलदरीत ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. एका काठाला जिंतूर तालुका, दुसऱ्या काठाला हिंगोली जिल्ह्यातला सेनगाव. १९९९ पर्यंत दोन्ही काठ परभणीचेच होते. उन्हाळ्याकडे पाणी उतरू लागलं की बुडालेल्या टेकड्यांचे माथे वर येतात. तीच आमची बेटं. आणि त्या टेकड्यांच्या पायथ्याशी कधी काळी गावं होती.

गुरुजीच्या आईचं माहेर अशाच एका गावात. लग्नानंतर चार-पाच दिवाळ्या तिने तिथे केल्या आणि मग गाव उठलं. नवं गाव वरच्या अंगाला वसलं, मारुतीही तिकडे गेला. पण तिच्या लेखी माहेर ते नव्हेच. घरात येलदरीचा विषय निघाला की ती उठून आत जायची. साठ वर्षांत तिने ते पाणी पाहिलं नाही आणि मुलालाही कधी पाण्यावर जाऊ दिलं नाही. आम्ही जाणार म्हटल्यावर ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजीच्या हातात नारळ देऊन म्हणाली, “गावामागं टेकडी होती. वर मोठा काळा खडक, घसरगुंडीसारखा. पोरी त्याच्यावरून घसरायच्या. आहे का बघ.”

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सातलाच आम्ही काठावर होतो. ओळखीतून एक मच्छीमार ठरवले होते. सत्तरीचे, सगळे त्यांना मामा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. पत्र्याची होडी, दोन वल्ही. मामांनी आम्हा पाचांना नीट न्याहाळलं, विशेषतः डॉक्टरच्या पोटाकडे, आणि म्हणाले, “एका होडीत तिघं. बाकीच्यांना पुतण्या आणील.” मुंबईकराने पिशवीतून पाच नारिंगी जाकिटं काढली. तळ्यात फिरायला जाकिटं कशाला, म्हणून आम्ही हसलो. तो हसला नाही. “घातलं नाही तर मी येत नाही,” म्हणाला. निमूटपणे घातली. त्या वेषात आम्ही लग्नाच्या वरातीतल्या बँडवाल्यांसारखे दिसत होतो.

सकाळचं पाणी काचेसारखं होतं. काठावर उघड्या पडलेल्या गाळपेराच्या जमिनीत टरबुजाचे वेल पसरले होते. वल्ह्याचा तेवढा आवाज. मामा मधेच होडी वळवत. खाली बाभळीचे बुडखे आहेत, इथे कुणाची जाळी आहे, इथे जुनं नदीचं पात्र, एकदम खोल. वर पाण्याची एक सपाट चादर आणि खालचा सगळा मुलूख त्यांच्या डोक्यात! एके ठिकाणी त्यांनी वल्हं थांबवलं. “गुरुजी, हे तुमच्या मामाचं गाव. वेशीच्या आसपास आहोत आपण.”

पाहायला काहीच नव्हतं. हिरवट पाणी. गुरुजीने नारळ हळूच पाण्यात सोडला. तो थोडा वेळ होडीबरोबर आला आणि मग मागे राहिला. कुणी काही बोललं नाही.

बेट तिथून जवळच होतं. उतरल्याबरोबर मामांनी पलीकडच्या वाळूकडे बोट दाखवलं, “तिकडं पाय ठेवू नका, पाखरांची अंडी असतात.” नदीसुरय पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात, खड्याखड्यांत ती ओळखूही येत नाहीत. माथ्यावर चढलो आणि गुरुजी थबकला. काळा खडक होता. उतरता, आणि मधला पट्टा हात फिरवावा इतका गुळगुळीत. साठ वर्षांपूर्वीच्या पोरींनी घासून केलेला. गुरुजी कितीतरी वेळ त्यावर हात ठेवून उभा होता. भाकरी, ठेचा, पिठलं त्या खडकापाशीच झालं आणि तिथेच डोळा लागला.

तीनच्या सुमाराला मामांच्या हाकेने जाग आली. सेनगावच्या अंगाला आभाळ काळवंडलं होतं. बघता बघता वारा सुटला आणि सकाळच्या त्या काचेचे तुकडे तुकडे झाले. वाऱ्याला जितकं मोकळं पाणी मिळेल तितकी लाट वाढते, आणि येलदरीत त्याला मैलोन्‌मैल मोकळीक आहे.

मुंबईकराला रात्रीची गाडी पकडायची होती, सकाळी त्याची महत्त्वाची बैठक होती. तो म्हणाला, “काठ समोर दिसतोय. वीस मिनिटांचं काम. याच्या तिप्पट लाटा मी पाहिल्यात.” डॉक्टरलाही दवाखान्यात पोचायचं होतं. मामांनी दोन्ही होड्या ओढून दगडाला बांधल्या. “वारं बसू द्या. आता मी नेणार नाही.”

“मामा, जाकिटं आहेत सगळ्यांना.”

“हायेत ना. पण होडीला कुठाय जाकीट?”

क्षणभर वातावरण ताणलं. पैसे आम्ही दिले होते, घाई आमची होती. शेतकरी मित्राने तर दुप्पट देऊ असंही सुचवलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र उजनी आली. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली होती आणि सहा जण बुडाले होते. तेही रोजच्या वाटेवरचे लोक. मी ते बोललो नाही, पण दुप्पट पैशांच्या गोष्टीची शरम वाटली.

मुंबईकराने लाटांकडे पाहिलं, मग होडीच्या बुटक्या कडांकडे पाहिलं. “माझी बोट वेगळी, पाणी वेगळं,” तो म्हणाला. “इथले कप्तान मामा आहेत. थांबू या.” आणि त्याने मोबाईल बंद करून खिशात टाकला. चाळीस वर्षांच्या मैत्रीत त्याच्याबद्दल मला इतका आदर कधी वाटला नव्हता.

खडकाच्या आडोशाला सात जण दाटीवाटीने बसलो. धूळ आली, पावसाचे चार थेंब आले. मुंबईकर दिलीप दोंदे यांची गोष्ट सांगू लागला. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. “त्यांनीसुद्धा वाटेत चार बंदरं घेतली,” तो म्हणाला, “थांबणं म्हणजे हरणं नव्हे.” मामांनी विचारलं, “एकटाच गेला? मग बोलला कुणाशी?” या प्रश्नाचं उत्तर आम्हा कुणापाशीच नव्हतं.

साडेपाचला मामा पाण्याशी जाऊन आले. “चला.” दिवेलागणीला काठाला लागलो. गाडी गेली, बैठक गेली. ज्यांना जायचं असेल त्यांना एवढंच सांगतो, सकाळी जा, पाणी ओळखणाऱ्या माणसाबरोबर जा, जाकीट घाला आणि परतीची वेळ त्याच्यावर सोपवा. आणि जाताना हेही लक्षात असू द्या की आपल्या सहलीचं हे तळं कुणाच्या तरी अंगणावर पसरलेलं आहे.

काठावर येताच गुरुजीने घरी फोन लावला. पलीकडे आईने पहिल्याच कड्याला उचलला असावा.

“आई, खडक आहे. वारं सुटलं होतं, त्याच्याच आडोशाला बसलो होतो आम्ही.”

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, “भिजला नाहीस ना?”