काट्याचा आकडा आणि फोनचा पडदा



गाडी काट्यावर चढली की गाडीवान आधी आकड्याकडे बघतो. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि हातात पावती, एवढे डोळ्यांदेखत झाले म्हणजे त्याचे समाधान होते. काट्याच्या पोटात कोणते यंत्र आहे हे त्याला ठाऊक नसते, त्याची गरजही नसते. काय होणार ते आधी दिसावे, काय झाले ते लगेच कळावे आणि पुरावा हाती राहावा. यंत्र वापरायला सोपे आणि भरवशाचे आहे का, हे ओळखण्याची हीच कसोटी.

ऊसबिल बँकेत जमा होते आणि पुढचा बराच व्यवहार आता फोनवर होऊ लागला आहे. म्हणून हीच कसोटी फोनच्या पडद्यालाही लावून पाहू.

यूपीआय पद्धत २०१६ साली सुरू झाली. खाते क्रमांक वगैरे काही न लिहिता नुसत्या मोबाईल नंबरावर किंवा चौकोनी क्यूआर कोडवर पैसे जातात. सोपेपणात तिला पुरे गुण द्यावे लागतील. पण भरवशाच्या बाबतीत एक फट राहिली होती. या पद्धतीत पैसे पाठवता येत, तसे कोणाकडे मागताही येत. मागणी आली की पडद्यावर रक्कम दिसे, आणि होकार दिला की पिन विचारला जाई. भामट्यांनी नेमके हेच हेरले. कोणी जुनी मोटार किंवा म्हैस विकायला काढली की फोन यायचा, "विसार पाठवलाय, पिन टाका म्हणजे जमा होईल." रक्कम दिसे, पिन टाकला जाई आणि पैसे यायच्या ऐवजी जात.

अशा माणसाला अडाणी ठरवायची आपल्याकडे रीत आहे. ती बरोबर नाही. चांगले शिकलेसवरलेलेही यात फसले. देणे कोणते आणि घेणे कोणते हे एका नजरेत कळत नसेल, तर दोष मांडणीचा आहे. त्यात शिल्लक पाहायलाही तोच पिन लागतो. तिजोरीत डोकावायची आणि तिजोरी रिकामी करायची चावी एकच! मग विचार न करता पिन टाकायची सवय हाताला लागली तर नवल काय?

यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने २०२५ साली मांडणीतच बदल केले. पैसे पाठवण्याआधी, घेणाऱ्याचे बँकेच्या दफ्तरी असलेले नाव पडद्यावर दाखवणे ३० जूनपासून बंधनकारक झाले. १ ऑक्टोबरपासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद झाली. नुसत्या सूचना देण्यापेक्षा चोरवाट बुजवणे केव्हाही चांगले.

किराणा दुकानातला बोलका डबाही याच जातीचा. गिऱ्हाइकाने दाखवलेला फोनचा फोटो खोटा असू शकतो, पण डबा रक्कम जमा झाल्यावर ती मोठ्याने सांगतो. हा जणू कानाने वाचायचा काटाच. साध्या बटणाच्या फोनसाठीही २०२२ साली १२३पे ही सोय आली आहे.

तरीही भामटा नवी वाट शोधणारच. म्हणून घरातल्या सर्वांना एवढे सांगून ठेवा :

१. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. कोणी तसे सांगितले तर फोन ठेवून द्या.

२. पिन टाकण्यापूर्वी नाव आणि रक्कम वाचा. नाव ओळखीचे नसेल तर थांबा.

३. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेत कळवा. जितका उशीर, तितके पैसे हातचे गेले.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरे. पण म्हणून ताक प्यायचेच सोडायचे काय? बँक असो, सोसायटी असो, की ऊसनोंद फोनवर देणारा कारखाना असो, नवा पडदा समोर आला की सभासदाने विचारावे : काय होणार ते आधी दिसते का? झालेले कळते का? पावती मिळते का? हे विचारायला संकोच कसला? काट्यावर तर आपण रोजच विचारतो.