पोलादातले बुडबुडे

बोईसर स्थानकावरून तारापूरच्या दिशेने निघाले की आधी औद्योगिक वसाहत लागते आणि पुढे समुद्रकाठी अणुवीज केंद्र. वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात पोलादी पाइप चिरला, तर वेल्डर तो सांधून देतो. अणुभट्टीच्या पोटातले पोलाद चिरले, तर तेही असेच सांधता येईल का? नेहमीच नाही. कारण त्याच्या आत वायू साठलेला असतो!

आपण म्हणाल, घट्ट पोलादात वायू आला कुठून? स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असते आणि अगदी अल्प प्रमाणात बोरॉनही. त्यांच्या अणुकेंद्रांनी न्यूट्रॉन गिळले की काही वेळा हेलियम तयार होतो. शिवाय न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोलादातले अणू जागेवरून उडतात आणि मागे रिकाम्या जागा उरतात. हेलियम पोलादात विरघळत नाही. तो या रिकाम्या जागांत आसरा घेतो. हाच बुडबुड्याचा जन्म.

पुढचे काम तापमानाचे. तापमान कमी असेल तर रिकाम्या जागा फारशा सरकत नाहीत आणि बुडबुडे अतिसूक्ष्म राहतात. तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत पाणी सुमारे २८५ अंश सेल्सिअसला उकळते. तेथे साधारण अशीच स्थिती. ४०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मात्र रिकाम्या जागा एकत्र येतात, पोकळ्या वाढतात आणि पोलाद चक्क फुगते. ब्रिटनमधील डाउनरे येथील अणुभट्टीतल्या पोलादात आढळलेल्या अशा पोकळ्यांची माहिती १९६७ साली प्रसिद्ध झाली. त्याहून जास्त उष्णतेत फुगणे ओसरते. पण हेलियम पोलादाच्या कणांमधल्या सीमांवर जमतो आणि पोलाद ठिसूळ बनते.

वेल्डिंगमध्ये नेमके हेच घडते. प्रखर उष्णतेने विखुरलेला हेलियम सीमांवर गोळा होतो. सांधा थंड होताना आकसतो, ताण पडतो आणि शेजारीच नवी चीर उमटते. दहा लाख अणूंमागे हेलियमचा एखादा अणूही त्यासाठी पुरू शकतो.

म्हणून गाभ्याजवळचे भाग यांत्रिक पकडींनी आवळतात, बदलतात किंवा फार कमी उष्णता देऊन सांधतात. गाभ्यापासून दूरच्या नळांना ही अडचण नसते, कारण तेथवर न्यूट्रॉन फारसे पोहोचत नाहीत. तारापूरच्या या दोन्ही अणुभट्ट्या पन्नाशी ओलांडल्यावर, २०२० साली, मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या. अशा वेळी प्रत्येक भागाबद्दल विचारावे लागते : याने न्यूट्रॉन किती झेलले आणि किती तापमानात? अणुभट्टीतल्या पोलादाचे वय नुसत्या वर्षांनी मोजून भागत नाही.